मागल्या दारी विचारलेले प्रश्न

आमच्या गावात दुःखी माणूस एकही नाही, असं मी एकदा लेखी दिलं होतं. गावठाण आणि आमची वाडी मिळून त्रेचाळीस घरं, त्रेचाळीस फॉर्म, प्रत्येकावर माझी सही आणि प्रत्येक प्रश्नापुढे 'नाही'. झोप उडते का? नाही. रडू येतं का? नाही. जगणं नकोसं होतं का? नाही. अक्षर मात्र सुरेख होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, नुकती मॅट्रिक झाले होते, आणि अक्षर सुरेख असलं की काम चोख झालं अशी माझी पक्की समजूत होती.

ही आणीबाणी उठल्यानंतरच्या दोनेक वर्षांतली गोष्ट. खालापूर तालुक्यात चौकच्या आसपास हायवे धरून जी खेडी आहेत, त्यांतलं आमचं एक. मुंबईहून डॉक्टरांचं एक पथक आलं होतं. खेड्यातल्या माणसांना मनाचे आजार किती आणि कसे होतात, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत त्यांनी टेबल मांडलं आणि गावोगावची शिकलेली पोरंपोरी फॉर्म भरायला घेतली. आमच्या बौद्धवाडीत मॅट्रिक झालेली मुलगी मी एकटीच, त्यामुळे निवडबिवड काही झाली नाही. बाबा खोपोलीला कारखान्यात होते. त्यांनी एवढंच सांगितलं, "जा, पर नीट वाग. डॉक्टर लोकं हायत."

पथकाच्या प्रमुख एक डॉक्टरबाई होत्या. चाळिशीच्या, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि आवाज शाळेच्या हेडबाईंसारखा. त्यांनी माझा गठ्ठा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला आणि चष्मा काढला.

"काय गं, तुमच्या गावात एकही माणूस उदास नाही? मग मुंबईचं घर विकून मी इथंच राहायला येते."

खोलीतली सगळी हसली. माझे कान तापले. मी म्हटलं, "बाई, मी सगळ्यांना विचारलं. एक घर सोडलं नाही."

"विचारलंस गं. सांगितलं कोणी नाही. परत जा."

परत जा म्हणजे काय करायचं? प्रश्न तर छापील होते. 'गेल्या एक महिन्यात आपणांस खिन्न अथवा निरुत्साही वाटले काय?' आमच्याकडे असं कोणी कोणाशी बोलत नाही. गावठाणात मी अंगणात उभी राहायची, घरचा कारभारी ओटीवर बसलेला असायचा, शेजारचे चारजण गंमत बघायला जमायचे, आणि मी शाळेतला धडा वाचावा तसा तो प्रश्न खणखणीत वाचायची. कारभारी साऱ्या घराच्या वतीनं सांगून टाकायचा, "नाय नाय, आमच्याकडं समदं बेस हाय." मी लिहायची, नाही. यात माझं काय चुकलं, हे मला खरोखर कळत नव्हतं.

घरी येऊन मी आदळआपट केली. तेच प्रश्न मोठ्यानं वाचत डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडली. चुलीपुढे आत्या भाकऱ्या थापत होती. ती हसायला लागली. तिला हसताना आवाज येत नसे, नुसते खांदे हलायचे.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिला पनवेलकडं दिली होती. पहिलं मूल दीड महिन्याचं होऊन गेलं आणि त्यानंतर तिचं अन्न तुटलं, बोलणं तुटलं. सासरच्यांनी वर्षभर अंगारेधुपारे केले आणि मग शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन सोडलं. सोडलं ते सोडलंच. दोन वर्षांनी बाबा जाऊन तिला घेऊन आले. पुढं मी झाले, आणि मला पहिली अंघोळ घातली ती तिनंच. मला भात भरवला तिनं, शाळेत पोचवलं तिनं. वर्षा-दोन वर्षांनी एखादा वाईट महिना यायचा, तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून बसायची. बाबा शहरातून गोळ्या वाढवून आणायचे, मग ती हळूहळू आमच्याकडं वळायची. आम्हा पोरांना त्यात नवल वाटत नव्हतं. कोणाच्या घरी दम्याचा माणूस असतो, तशी आमच्या घरी आत्या होती.

गावात तिच्या पाठीमागं तिला 'तिकडून आलेली' म्हणत. तोंडावर मात्र गावच्या साऱ्या सुना तिला 'वन्सं' म्हणायच्या. गावची लेक ही गावातल्या प्रत्येक सुनेची नणंद, मग ती कुठल्या का आळीची असेना. गावठाणातल्या बायका आम्हांला ओंजळीत वरून पाणी ओतायच्या, पण ओतताना "घ्या वन्सं" असंच म्हणायच्या. मला याचा संताप यायचा. आत्या म्हणायची, "संताप कर, पर पानी पी. ऊन हाय."

तर ती हसली आणि म्हणाली, "आसं इचारल्यावर कोन सांगंल गं? मी सुदा नाय सांगायची."

"मंग कसं इचारू?"

"तू नको इचारू. तू लिव."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी ती पायात चपला घालून तयार. बाबांची तेव्हा रात्रपाळी संपली होती, ते नुकते येऊन टेकले होते. त्यांना कळलं तसे ते उठून दारात उभे राहिले. "बाय, तू कुटं? लोकं काय म्हनतील? पोरीचं लगीन व्हायचंय. उद्या पावनं आलं तं?"

"पावनं आलं तं मी मागल्या दारी जाऊन बसंन," आत्या म्हणाली. "मला सवय हाय."

बाबा दारातून बाजूला झाले. खरं सांगायचं तर, त्यांनी तिला अडवावं अशी माझीही इच्छा होती. डॉक्टरांच्या कामाला वेडी आत्या घेऊन फिरणारी मुलगी, असं माझं नाव होईल याची मला धास्ती होती. त्या सकाळी हायवे ओलांडून गावठाणात जाईपर्यंत मी तिच्या दहा पावलं पुढं चालत होते. तिनं हाक मारून मला थांबवलंसुद्धा नाही.

ती एकाही घराच्या पुढच्या अंगणात गेली नाही. सरळ वळसा घालून मागं. वैशाख होता. त्या दिवसांत आमच्याकडं मागल्या दारी पावसाळ्याची बेगमी चालते. लाकडं फोडून रचायची, गोवऱ्या थापायच्या, वाळलेल्या उलट्या करायच्या. सासू पुढं ओटीवर असते, पुरुष बांधावर नाहीतर चौकच्या नाक्यावर. मागं एकटी सून असते आणि तिच्यापुढं शेणाची पाटी. आत्या जाऊन तिच्यासमोर उकिडवी बसायची आणि पाटीत हात घालायची. भांड्याला आमचा हात लागला असता तर त्या बायका अवघडल्या असत्या. शेणात हात घालायला जात आडवी येत नाही. मी दहा हातांवर आंब्याखाली पाठ करून बसायची, मांडीवर पत्र्याची पाटी आणि तिच्यावर फॉर्म.

"तोंडाकडं बघून इचारलं की मानूस खोटं बोलतं," आत्यानं मला सांगून ठेवलं होतं. "हाताकडं बघायचं. आनि आपला हात चालता ठेवायचा."

आधी ती प्रत्येकीला सांगायची, "ही भाची लिवनार हाय. मुंबैच्या डॉक्टरांचं काम हाय. नको वाटलं तं नको सांगू." मग चार गोवऱ्या गप्प थापून व्हायच्या. मग कधीतरी ती विचारायची, "जेवन गोड लागतं का गं तुला?" खिन्नता आणि निरुत्साह त्या एवढ्याशा प्रश्नात बसायचे. "कामाला हात उचलतो का?" हा दुसरा. आणि छापील फॉर्ममध्ये 'जीवन संपविण्याचे विचार' असा जो प्रश्न होता, ज्याच्यापुढं मी त्रेचाळीस वेळा 'नाही' लिहिलं होतं, तो ती असा विचारायची: "इहिरीवर जातेस, तवा कळशी भरल्यावर पन उभी ऱ्हातेस का?"

पहिल्यांदा तो प्रश्न ऐकला तेव्हा माझं पेन थांबलं. मग गोवरी थापल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर एक बारीक आवाज, "ऱ्हाते वो वन्सं. पोरगं पदर वडतं, मंग येते." आत्यानं पुढचा गोळा उचलला आणि थोड्या वेळानं म्हणाली, "पोरग्याला रोज संगं नेत जा. आनि मी बी येत जाईन तुज्या येळंला." आणि ती खरंच जायची. पावसाळा लागेपर्यंत रोज सकाळी आपल्या वाडीची विहीर सोडून गावठाणाच्या विहिरीपाशी, पाण्याला हात न लावता, नुसती उभी राहायला.

एका घरात कारभाऱ्यानं मला सहा माणसं सांगितली होती. आत्यानं सुनेला विचारलं, "किती मान्सांचं रांधतेस?" सून सवयीनं बोलून गेली, "सातांचं." मग तिचा हात थांबला. सातवा तिचा दीर होता. चार वर्षं पडवीच्या टोकाच्या खोलीत होता, बोलत नव्हता, त्याला कोणी मोजत नव्हतं. मला वाटलं आत्या आता विचारेल की कसा झाला, कधी झाला, औषध काय केलं. फॉर्ममध्ये तेच होतं. आत्यानं विचारलं, "त्याला भात आवडतो का भाकर?" ती सून रडायलाच लागली. चार वर्षांत त्याला काय आवडतं हे तिला कोणी विचारलं नव्हतं. भात, म्हणाली. दूध घालून.

असं करत गाव पुन्हा झालं. मी आता आत्याच्या दहा पावलं पुढं चालत नव्हते, पण त्याचं श्रेय मला देऊ नका. तिच्या ओळखीशिवाय मला मागल्या दाराशी कोणी उभं केलं नसतं.

डॉक्टरबाईंनी नवा गठ्ठा वाचायला घेतला तेव्हा त्यांच्यापुढं चहा आणून ठेवला होता. तो तसाच राहिला. त्यांनी दोन-तीन फॉर्म परत परत वाचले. छापील प्रश्नांखाली मी आत्याचे प्रश्न जसेच्या तसे लिहिले होते, कारण उत्तरं त्या प्रश्नांची होती. "हे प्रश्न कुठून आणलेस?" त्यांनी विचारलं.

"गावातलेच आहेत बाई."

"हुशार आहेस."

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असावा. पुढच्याच आठवड्यात त्यांनी छापील प्रश्नांवर रेघा मारून वर हातानं ते प्रश्न लिहायला लावले, आणि कर्जतच्या बाजूच्या गावांतही तेच विचारायला सांगितलं. तिकडच्या मुली मला विचारायच्या, तुला कसं गं सुचलं? मी हसून वेळ मारून न्यायची.

श्रावणात आत्या पुन्हा आजारी पडली. आठ दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती, हायवेवर पाणी होतं, आणि गोळ्या संपून पंधरवडा झाला होता. आज जाऊ, उद्या जाऊ करत बाबांचं शहरात जाणं राहून गेलं होतं. ती भिंतीकडं तोंड करून बसली ती बसलीच. आई पेज घेऊन समोर बसायची, पेज निवून जायची. बाबा माझ्यावर ओरडले, "तूच नाचवलीस तिला! गावाचं समदं वझं तिच्या डोक्यावर दिलंस!" मला ते अगदी पटलं. घराघरातलं तिनं ऐकलं होतं, मी नुसतं लिहिलं होतं. मी तिच्या पाठीशी बसून तिच्या केसांना तेल लावायची आणि रडायची, आणि तिला त्याचा पत्ता नसायचा.

रागाच्या भरात बाबा आरोग्य केंद्रात गेले आणि जे बोलायचं ते बोलून आले. डॉक्टरबाई तेव्हा मुंबईला होत्या. तिथं एक तरुण डॉक्टर होते, त्यांना अशा तऱ्हेनं कळलं की आमच्या गावात प्रश्न विचारणारी बाई स्वतःच इस्पितळात राहून आलेली होती. त्यांनी मला बोलावून घेतलं. ते कधी कोणावर आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही.

"रुग्णानं विचारून घेतलेली उत्तरं आम्हांला धरता येत नाहीत," ते म्हणाले. "तुमच्या गावाचे सगळे फॉर्म बाजूला काढावे लागतील. पण सही तर तुझीच आहे. प्रश्न तूच विचारलेस, असं एका कागदावर लिहून दे. म्हणजे काही अडचण नाही."

मी लिहून दिलं. आज इतक्या वर्षांनी कारणं सांगायला बसले तर भरपूर सापडतील. फॉर्म फुकट गेले असते, त्या बायकांचं सांगणं फुकट गेलं असतं, कदाचित माझं कामही गेलं असतं. ती सगळी खरी आहेत. पण लिहिताना माझ्या मनात यांतलं काहीही नव्हतं. सगळे मला हुशार म्हणत होते आणि ते मला आवडत होतं, एवढंच. मला अजून त्याची लाज वाटते.

गणपती गेल्यावर डॉक्टरबाई आल्या. अभ्यासाच्या रीतीप्रमाणे काही घरी जाऊन त्यांना स्वतः पडताळा घ्यायचा होता. त्या मला घेऊन निघाल्या. पहिलंच घर त्या दिराचं. मी त्यांना वळसा घालून मागल्या दारी नेलं. सून भाताचं तूस चाळत होती.

"ताई," डॉक्टरबाईंनी माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, "उन्हाळ्यात ही मुलगी तुमच्याकडे येऊन गेली ना? हिनं तुम्हांला काय काय विचारलं, आठवतं?"

सुनेनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही? हिनं काय बी नाय इचारलं. ही त्या आंब्याखाली बसून लिवत व्हती. इचारलं आमच्या वन्संनी."

"कोण वन्सं?"

"हिची आत्या." आणि तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "कशा हायत गं त्या? जेवतात का?"

मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्यांनी त्या सुनेला सरळ विचारलं, "त्या स्वतः आजारी असतात, हे तुम्हांला माहीत होतं?"

"समद्या गावाला ठावं हाय."

"तरी त्यांना सांगितलंत?"

"म्हनून तं सांगितलं," ती म्हणाली. "ज्याचं जळतं त्याला कळतं. तुमी शिकल्याल्या बाया, तुमाला सांगून तुमी 'अरेरे' म्हननार. वन्सं नाय म्हनल्या तसं."

त्या दिवशी आम्ही सहा घरी गेलो आणि सहाही घरी माझी अशीच शोभा झाली. विहिरीवरच्या बाईनं तर मला दम दिला, "तुज्या आत्याला सांग, मी पोरग्याला नेते संगं. आनि तू तिला जप, नुस्ती कागदं काळी करू नको."

परतताना इर्शाळचा सुळका ढगातून नुकता बाहेर पडला होता, डॉक्टरबाई त्याच्याकडं बघत चालत होत्या. मग म्हणाल्या, "तो कागद का लिहून दिलास?"

"फॉर्म फुकट जातील म्हणून."

"हं. आणि तुझ्या आत्या फुकट गेल्या तर चालेल?"

मी रस्त्यातच रडायला लागले. त्यांनी माझी समजूत काढली नाही, पण थांबल्या. माझं आवरल्यावर म्हणाल्या, "चल, त्यांच्याकडे घेऊन चल मला."

आत्या भिंतीकडं तोंड करून होती. डॉक्टरबाई खाली जमिनीवर, तिच्या शेजारी, भिंतीकडंच तोंड करून बसल्या. बाबा आणि आई दारात अवघडून उभे. बाईंनी बाबांना विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत. बाबांनी खरं ते सांगितलं आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हिनं तिला लोकांचं ऐकायला लावलं, त्यानं झालं."

"ऐकून कोणी आजारी पडत असतं तर मी केव्हाच पडले असते," बाई म्हणाल्या. "गोळ्या बंद झाल्या म्हणून झालंय. आता माझ्याकडून घेऊन जायच्या, शहरात जायचं नाही." मग त्या भिंतीकडं बघत आत्याला म्हणाल्या, "बाई, तुमचे प्रश्न आम्ही सगळ्या गावांत विचारतोय. कोणाचे ते मला माहीत नव्हतं. आज कळलं." आत्या हलली नाही. पण बाबा तिथंच खाली बसले, आणि डोक्याला हात लावून त्यांनी आईला चहा टाकायला सांगितला.

फॉर्मांचं काय करायचं यावरून त्या दोन डॉक्टरांत खोलीचं दार लावून बोलणं झालं. मला बाहेर ऐकू आलं ते एवढंच की तरुण डॉक्टर 'विश्वासार्हता' हा शब्द पुष्कळदा म्हणत होते. शेवटी डॉक्टरबाईंनी माझा तो कागद फाडला आणि गावाचा अख्खा गठ्ठा माझ्या हातात दिला. "त्या बऱ्या झाल्या की एकेक फॉर्म त्यांना वाचून दाखव. त्यांना आठवतं तसं लिहिलेलं असेल तर 'प्रश्न विचारणाऱ्याचे नाव' या ओळीवर त्यांची सही घे. तुझी सही खोड. ज्यावर त्या सही करणार नाहीत तो फॉर्म बाद. सही येते ना त्यांना?"

येत होती. इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिला शिकवली होती. तिथून आणलेली तेवढी एकच वस्तू, असं आत्या म्हणायची.

दिवाळीपर्यंत ती वळली. आधी पेज, मग भात, मग एके दिवशी आईला म्हणाली, "भाकरी जाड थापतेस." आई आनंदानं पदर तोंडाला लावून बाहेर पळाली. भातं कापून खळ्यावर आली होती. तिथंच दुपारच्याला, पेंढ्याला टेकून, आम्ही गठ्ठा घेऊन बसलो.

गोळ्यांनी तिचा हात कापायचा. एक सही व्हायला इतका वेळ लागायचा की मी तोवर पुढचा फॉर्म मनात वाचून काढायची. मी म्हटलं, आत्या, अंगठा दे, चालेल. ती म्हणाली, "अंगठा कंचा बी असतो." आणि पुन्हा वाकून सही करायला लागायची, जीभ दातांत धरून.

मी वाचायची, ती डोळे मिटून ऐकायची, आणि सगळं तिला आठवत होतं. "आसं नव्हती बोलली ती. 'कटाळा' नाय म्हनली, 'नको वाटतं' म्हनली. बदल." मी बदलायची. एका फॉर्मवर मी एका बाईच्या नवऱ्याबद्दलचं काहीतरी लिहिलं होतं. ते ऐकून तिनं डोळे उघडले. "हे खोड. हे तिनं मला सांगितलं, कागदाला नाय." मी म्हटलं, डॉक्टरबाईंना हे उपयोगाचं आहे. "आसंल. तिला नाय उपेगाचं. खोड." मी खोडलं, आणि खाली काही वाचता येऊ नये म्हणून तिनं बोटावर थुंकी घेऊन वरून घासलं. मग सही केली.

चौथ्या दुपारी गठ्ठा संपत आला. तळाचा फॉर्म मी उचलला आणि तसाच पुन्हा खाली ठेवला.

"कुनाचा ह्यो?" आत्यानं विचारलं.

"आपला."

पहिल्या दिवशी, हात बसावा म्हणून, आम्हांला आधी स्वतःच्याच घराचा फॉर्म भरायला सांगितलं होतं. पुढं सारं गाव पुन्हा झालं, बेचाळीस घरं. आमच्या घरी पुन्हा जायचं मला सुचलंच नव्हतं. रोज तिथंच झोपत होते तरी.

"वाच," आत्या म्हणाली.

मी वाचलं. कुटुंबप्रमुख, बाबांचं नाव. घरातील एकूण माणसे, पाच. बाबा, आई, मी आणि माझे दोन भाऊ. घरात मनाचा आजार असलेली व्यक्ती, नाही. पुढचं मला वाचवेना.

समोर सांडलेले भाताचे दाणे आत्यानं तळव्यानं ओढून एका जागी केले. मग म्हणाली, "ह्याच्यावर नाय मी सही करनार. ह्यो खोटा हाय."

"आत्या, मी..."

"कोरा हाय का एक?"

पिशवीत होता. मी तो पाटीवर लावला, पेन उघडलं, आणि तिच्या तोंडाकडं बघत बसले. इतक्या घरी जे प्रश्न ऐकले होते ते मला एकही आठवेना.

"माज्याकडं काय बगतेस?" ती म्हणाली. "हाताला काम घे."

मी फॉर्म बाजूला ठेवला आणि सूप ओढलं. दाणे पाखडत, सुपाकडं बघत, मी विचारलं, "किती मान्सांचं रांधतेस?"

"सा."

"जेवन गोड लागतं का?"

"आता लागतं. मदी नव्हतं लागत." मग जरा थांबून, "तुजी आई तेल लई घालती, पर लागतं."

तिसरा प्रश्न मी टाळला आणि चौथ्यावर जायला लागले. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "इचार. समद्यांना इचारलाय." मी विहिरीचा प्रश्न विचारला. तिनं उत्तर दिलं. सूप माझ्या मांडीवर तसंच राहिलं आणि ती बोलत राहिली, पनवेलकडच्या विहिरीबद्दल, इस्पितळातल्या हौदाबद्दल, आणि मी पाळण्यात असतानाच्या एका पहाटेबद्दल, जेव्हा ती कळशी घेऊन गेली होती आणि मला भूक लागली असेल म्हणून परत आली होती. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

मग मी फॉर्म घेतला आणि ती सांगेल तेवढंच लिहिलं. जागा पुरली नाही तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं. पूर्ण झाल्यावर पेन तिच्या हातात दिलं आणि सहीची ओळ दाखवली. तिनं ते पेन परत माझ्या हातात ठेवलं.

"हितं तू कर सही," आत्या म्हणाली. "ह्यो तू इचारलास."